मुखपृष्ठाची मोहिनी

१९३५ सालीं मुंबईंत बाबूराव पटेल यांनीं ‘फिल्मइंडिया’ हें इंग्रजी मासिक सुरू केलें. त्यांची टीका इतकी झणझणीत असे कीं, भलेभले निर्माते तिला वचकून असत. परंतु अंक हातीं घेणाऱ्या तरुणाची दृष्टि प्रथम खिळे ती मुखपृष्ठावर. एस. एम. पंडित यांच्यासारख्या कसलेल्या चित्रकारानें रंगविलेली नटी आणि तिच्या चित्रपटाचें नांव, एवढ्यानेंच त्याचें मन थिएटराकडे धांव घेई. परीक्षण वाचावयास सवड लागते. चित्र एका दृष्टिक्षेपांत आपलें काम उरकतें. पुढें १९४४ सालीं पटेलांनीं स्वतःच ‘द्रौपदी’ हा चित्रपट काढला. परीक्षक आणि निर्माता एकच झाले! तेव्हां मुखपृष्ठाचें सौंदर्य तरुणांनीं अवश्य न्याहाळावें. परंतु तें कला म्हणून, चित्रपटाच्या गुणांची साक्ष म्हणून नव्हे.