तळटीप १४ : ‘ट्रिप हॉप’

१४. ट्रिप हॉप : १९९०च्या दशकात इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात रुजलेला संथ, धूसर ठेक्याचा संगीतप्रकार. मॅसिव्ह अटॅक (‘ब्लू लाइन्स’, १९९१) आणि पोर्टिसहेड (‘डमी’, १९९४) ही त्यातली मोठी नावे. लेखक सुरतेत बसून त्यातल्या विस्मृतीत गेलेल्या तबकड्या धुंडाळतात. पण तितकाच दुर्मीळ ठेवा त्यांच्यापासून सव्वादोनशे किलोमीटरांवर, अहमदाबादेत पडून होता. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य बसवले. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी तिथे १९७२पर्यंत केलेल्या रचना फितींवरच राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या संस्थेच्या संग्रहातून शोधून काढल्या आणि २०२३मध्ये त्या ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. इतकी वर्षे कोणी त्या ऐकल्या नाहीत, याची खंत वाटते.

मुंबईच्या चरणजित सिंग यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी १९८२मध्ये निदान बाजारात तरी आली. खपली मात्र नाही. या तबकडीत वापरलेले रोलंड टीबी-३०३ हे बास गिटारच्या जागी वापरण्यासाठी बनवलेले चंदेरी, छोटेसे यंत्र. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्यातली सोय सिंग यांना मींडेसाठी नेमकी उपयोगी पडली. ही तबकडी २०१०मध्ये पुन्हा निघाली. सिंग २०१५मध्ये वारले. वाचकांच्या माळ्यावर जुन्या फिती असतील, तर भंगारात घालण्याआधी त्या जाणकाराला जरूर दाखवाव्यात. —संपा.