पालीच्या वाटेवरची माणसे

पाली शिकायची म्हटले की पहिला अडथळा लिपीचा. या भाषेला स्वतःची अशी लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी अक्षरांत, आणि १८८१ साली स्थापन झालेल्या लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने ती छापली रोमनमध्ये. एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा मुंबई-पुण्यातल्या एखाद्याने ही भाषा शिकायचे मनात आणले असते, तर देवनागरीत त्याच्या हाताला फारसे काही लागले नसते. संस्कृतची गोष्ट वेगळी होती. ती शाळेत होती, घरी शास्त्रीबुवा होते, मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्यासाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती होती आणि पुढे प्राध्यापकीची आशाही होती. पाली शिकून मिळायचे काय?

ज्यांनी हा प्रश्न विचारला ते तिच्या वाटेला गेले नाहीत. गेले ते निराळ्या गरजेने.

धर्मानंद कोसंबी हे त्यांतले ठळक नाव. जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. शिक्षण बेताचे, तेही मराठी. पुढे घरच्या माडांच्या बागायतीची देखरेख. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि बुद्धाविषयी मिळेल ते वाचायचे हे वेड डोक्यात शिरले. घर सोडण्याचे आधीचे बेत फसले होते. १८९९ च्या अखेरीस मात्र ते निघाले ते निघालेच. घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. कोसंबींच्या जिद्दीचे गोडवे गाताना या दोघींना विसरून चालणार नाही. त्या जिद्दीची किंमत घरच्यांनीही मोजली आहे.

पाली तेव्हा त्यांच्या लेखी दूरच होती. आधी संस्कृत हवे, म्हणून पुणे. तिथे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांशी परिचय झाला. मग काशी: अन्नछत्रातले जेवण आणि व्याकरणाची घोकंपट्टी. बौद्ध धर्म जिवंत पाहायला मिळेल या आशेने ते नेपाळात गेले आणि निराश होऊन परतले. बोधगयेत कळले, की ग्रंथ मुळातून वाचायचे तर सिंहलद्वीप गाठावे लागेल. १९०२ साली ते कोलंबोला पोहोचले. एवढ्या पायपिटीत त्यांनी पालीचा नीट असा धडा घेतलाच नव्हता. दोन वर्षांहून अधिक काळ गेला तो नुसता शाळा शोधण्यात!

ती शाळा म्हणजे विद्योदय. हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी ती १८७३ साली स्थापली होती. कोसंबी आले तेव्हा गुरूंचे वय पंचाहत्तरीच्या घरात. काशीत घोकलेले संस्कृत इथे कामी आले. संस्कृत येणाऱ्याला पाली आरंभी फार सोपी वाटते. द्विवचन नाही, शब्दाच्या शेवटी हलन्त व्यंजन नाही, जोडाक्षरे मऊ झालेली. जातककथा पटापट वाचता येतात. खरी चढण पुढे लागते, अट्ठकथा ही भाष्ये आणि अभिधम्म हे तत्त्वविवेचन हातात घेतले की. शब्द ओळखीचे, पण परिभाषा निराळी. संस्कृतच्या भरवशावर अर्थ लावू पाहणारा हमखास फसतो. पारंपरिक विहारांत यावर उपाय एकच, पाठांतर. आधी कच्चायनाच्या व्याकरणाची सूत्रे तोंडपाठ, चर्चा मागाहून. आजच्या विद्यार्थ्याला हे रटाळ वाटेल, पण पाठ झालेली सूत्रे वाचताना मदतीला धावून येतात एवढे खरे. कोसंबींनी तिथेच बौद्ध दीक्षा घेतली. नंतर ब्रह्मदेशात गेले, म्हणजे पुन्हा नवी लिपी आली.

नोकरीसाठी पाली शिकलेलेही अनेक होते. सिंहलमधले इंग्रज सनदी अधिकारी त्यांत मोडतात. पण त्यांच्यातली नावे टिकली कोणाची, तर रॉबर्ट सीझर चिल्डर्स आणि टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांची. नोकरी सुटल्यावरही या दोघांनी पाली सोडली नाही. चिल्डर्सचा पाली कोश १८७५ मध्ये पुरा झाला. पाली टेक्स्ट सोसायटी काढली ती ऱ्हिस डेव्हिड्स यांनी.

ब्रह्मदेशातून परत आल्यावर कोसंबींना कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवण्याचे काम मिळाले. पगार चांगला. तेवढ्यात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी कळवले, की महाराष्ट्रात राहून काम कराल तर महिना ५० रुपये देऊ. कोसंबींनी कलकत्ता सोडले. संसारी माणसाला हा व्यवहार वेडेपणाचा वाटेल. मराठी वाचकाच्या दृष्टीने मात्र त्याहून फायद्याचा सौदा क्वचितच झाला असेल. १९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. पु. वि. बापट त्यांचे तिथलेच विद्यार्थी. ना. के. भागवतांनी पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये पाली शिकवली आणि पाली ग्रंथ देवनागरीत आणले. लिपीचा अडथळा दूर होऊ लागला तो असा.

कोसंबींचे स्वतःचे मोठे काम मात्र लांबत गेले. हेन्री क्लार्क वॉरन हा अमेरिकन अभ्यासक सिंहली आणि बर्मी हस्तलिखितांवरून ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची संपादित प्रत तयार करत असताना १८९९ मध्ये वारला. ते अपुरे काम पुरे करण्यासाठी कोसंबींना हार्वर्डला बोलावणे आले. १९१० पासून १९३२ पर्यंत त्यांच्या तिथे चार खेपा झाल्या. एकदा तर तिथल्या प्राध्यापक लॅनमनशी वाजले आणि ते परत आले. त्यांची देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने १९४० मध्ये काढली. हार्वर्डची रोमन आवृत्ती निघाली १९५० साली. कोसंबी १९४७ मध्येच सेवाग्रामला वारले होते.

बाबासाहेब आंबेडकरांची वाट वेगळी. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते, पण अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळूसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे आंबेडकरांनी पालीचे व्याकरण आणि कोश सिद्ध केला. राज्यकारभार, कायदा, आजारपण आणि चळवळ यांतून वेळ काढून केलेले हे काम महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापले.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर तर पालीचा विद्यार्थीच बदलला. नागपूरच्या दीक्षेनंतर त्रिसरण आणि पंचशील लाखो घरांत पाठ झाले, अक्षरओळख नसलेल्या आजीपासून बालवाडीतल्या नातवापर्यंत. पाठ असलेल्याचा अर्थ मुळातून कळावा म्हणून त्यांतले काही व्याकरणाकडे वळले. मुंबई, पुणे, नागपूरच्या विद्यापीठांतले पालीचे वर्ग अशा विद्यार्थ्यांवरही उभे आहेत. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने अवघे तिपिटक देवनागरीत छापले.

गुणांसाठी पाली घेणारेही होतेच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत पाली साहित्य हा वैकल्पिक विषय गुण देणारा म्हणून प्रसिद्ध होता. २०१३ मध्ये तो यादीतून गेला आणि त्या वाटेने येणारी गर्दी आटली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने पालीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, मराठीलाही त्याच दिवशी. दर्जामुळे अनुदाने येतील, अध्यासनेही निघतील. विद्यार्थी शेवटपर्यंत टिकतील की नाही, हे मात्र त्यांना पालीत काय वाचायचे आहे यावरच ठरेल, असे या सव्वाशे वर्षांकडे पाहून वाटते.

पालीचा वर्ग लावायचा विचार असेल, तर कोसंबींचे ‘निवेदन’ हे आत्मकथन आधी वाचावे. पुस्तक मराठीत आहे आणि त्यासाठी कोणतीही नवी लिपी शिकावी लागत नाही.