अडगळीतील जुनी स्पोर्ट्स मोटार : मोल कशावरून ठरते?

झाशी : अनेक दशके बंद गॅरेजमध्ये धूळ खात पडलेल्या एखाद्या स्पोर्ट्स मोटारीला कोट्यवधींचे मोल येते, तर तशाच दिसणाऱ्या दुसरीचा दुरुस्तीचा खर्चही निघत नाही. हा फरक चेसीवर ठोकलेला क्रमांक, मूळ इंजिन, शाबूत राहिलेले सुटे भाग आणि मालकीची कागदपत्रे यांवरून ठरतो. जुन्या संस्थानांनी वेढलेल्या झाशी परिसरात अशी मोटार हाती लागल्यास घाईने घेतलेला एक निर्णय तिचे मोल कायमचे घालवू शकतो.

संस्थानांचे मोटारखाने

झाशीचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, तेव्हा मोटारीचा शोधही लागलेला नव्हता. दतिया, ओरछा, समथर ही शेजारची संस्थाने आणि शिंद्यांचे ग्वाल्हेर मात्र स्वातंत्र्यापर्यंत टिकून राहिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशभरातील संस्थानिकांनी युरोप-अमेरिकेतून मोटारी मागवल्या. संस्थाने विलीन झाली आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखेही बंद झाले. मोटारखान्यांचा खर्च पेलेनासा झाल्यावर अनेक गाड्या विकल्या गेल्या, तर काही आहे तेथेच बंद राहिल्या.

होळकरांची ड्युसेनबर्ग

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९२६ ते १९४८ या काळात गादीवर असलेल्या या महाराजांना वेगवान मोटारींचा शौक होता. १९३० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग कंपनीची ‘एसजे’ श्रेणीतील चेसी घेतली आणि तिच्यावर लंडनच्या जे. गर्नी नटिंग यांच्याकडून खास बॉडी बांधून घेतली. त्या काळी महागड्या मोटारींची चेसी एका कंपनीची व बॉडी दुसऱ्या कारागिरांची असणे ही रूढ पद्धत होती. त्यामुळे अशी प्रत्येक गाडी जवळपास एकमेव ठरते. ही ड्युसेनबर्ग पुढे अमेरिकेत गेली आणि आज जगातील नामांकित मोटारींत तिची गणना होते. याउलट, ब्रिटिश एमजी कंपनीच्या ‘टीसी’ या लोकप्रिय स्पोर्ट्स मोटारीची १९४५ ते १९४९ दरम्यान सुमारे १० हजारांच्या संख्येने निर्मिती झाली. तिलाही चाहते आहेत, पण दुर्मिळता नसल्याने किमतीत मोठे अंतर पडते.

पॅरिसचा भाव झाशीला लागू नाही

पश्चिम फ्रान्समधील एका शेतवाडीत २०१४ मध्ये रोजेर बेयों यांचा विसरलेला मोटारसंग्रह उजेडात आला. ६ फेब्रुवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये झालेल्या लिलावात त्यातील सुमारे ६० गाड्यांना मिळून अडीच कोटी युरोंहून अधिक रक्कम मिळाली. त्यापैकी सुमारे १ कोटी ६३ लाख युरो १९६१ च्या एकट्या ‘फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर’ला मिळाले. वर्तमानपत्रांच्या ढिगाखाली सापडलेली ही गाडी काही काळ अभिनेते अलँ दलाँ यांच्याकडे होती. ती दुरुस्त न करता, सापडली त्याच स्थितीत विकण्यात आली.

भारतात मात्र १९७२ पासून जुन्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आले. त्यामुळे परदेशातील बोली पाहून येथील गाडीची किंमत ठरवता येत नाही. देशातील संग्राहक काय देतात, हाच येथील बाजारभाव.

नोंदणीचे नियम

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात जतन केलेली आणि मोठे फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, पुनर्नोंदणीचे ५ हजार रुपये आणि प्रमाणपत्राची मुदत १० वर्षे आहे. झाशीतील सामान्य वाहनांच्या पाटीवर ‘यूपी ९३’ असते. व्हिंटेज नोंदणीत जिल्ह्याच्या या आकड्याऐवजी राज्याच्या संकेतानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. दैनंदिन किंवा व्यावसायिक वापरास परवानगी नाही. जिचे जुने नोंदणी क्रमांक कायम आहेत, अशा गाडीला तेच क्रमांक ठेवता येतात.

गाडी सापडल्यानंतर

पहिला प्रश्न मालकीचा असतो. नोंदणीकृत मालकाचे निधन झाले असल्यास वारसाला ‘फॉर्म ३१’ भरून हस्तांतरण करून घ्यावे लागते, तर नोंदणीपुस्तक हरवले असल्यास दुय्यम प्रतीसाठी ‘फॉर्म २६’ असतो. त्यानंतर चेसी, इंजिन व बॉडी यांवरील क्रमांक टिपून ते निर्मात्याच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिले जातात. जग्वारच्या मोटारींसाठी ब्रिटनमधील जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट असे प्रमाणपत्र देते. क्रमांक नव्याने ठोकून बनावट ओळख निर्माण केली जाण्याचा धोका असल्याने ही पडताळणी टाळता येत नाही.

बुंदेलखंडातील कोरड्या हवेत लोखंड किनारपट्टीच्या तुलनेने सावकाश गंजते. मात्र उन्हाळ्याच्या तीव्र उष्णतेत रबर व चामडे तडकते आणि जुन्या बॉडीच्या लाकडी सांगाड्याला वाळवी लागण्याची भीती असते. अनेक वर्षे बंद असलेले इंजिन तपासणीविना सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास अडकलेले पिस्टन व सिलिंडर यांची हानी होऊ शकते. गाडी हलवण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घेणे, सुटे पडलेले दिवे, घड्याळे व पाट्या जपून ठेवणे आणि रंग न खरवडणे, ही काळजी घ्यावी लागते. नवा रंग केव्हाही देता येतो. पण खरवडून टाकलेला मूळ रंग आणि भंगारात गेलेली चेसीची पाटी परत मिळत नाही, आणि तिच्याबरोबर त्या गाडीची ओळखही हरवते.