हळद पॉलिशचा ड्रम आणि धातू घासण्याचे कंपनयंत्र : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एका बिननावाच्या यंत्राचा इतिहास

प्रस्तावना

यंत्रांचा इतिहास बहुधा संशोधकांच्या नावाने आणि कारखान्यांच्या स्थापना-वर्षांनी लिहिला जातो. ज्या यंत्राला पेटंट नाही, माहितीपत्रक नाही आणि एक निश्चित जनकही नाही, असे यंत्र हजारो माणसांच्या श्रमाचे स्वरूप पालटून गेले तरी इतिहासात त्याची नोंद होत नाही. हिंगोली जिल्ह्यातील हळद पॉलिश करण्याचा ड्रम हे अशा यंत्राचे ठळक उदाहरण होय. तेलाच्या रिकाम्या बॅरलपासून सुरू झालेले हे यंत्र गावोगावच्या वर्कशॉपमध्ये वाढले. त्याचे कार्यतत्त्व मात्र धातूच्या कारखान्यात सुट्या भागांच्या धारदार कडा घासणाऱ्या यंत्रांशी थेट जुळणारे आहे. प्रस्तुत निबंधात या दोन यंत्रांचे नाते तपासून ग्रामीण यंत्रनिर्मितीकडे इतिहासाचा विषय म्हणून पाहण्याची गरज मांडली आहे. त्यासाठी वर्णनात्मक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

हिंगोली जिल्ह्याची पार्श्वभूमी

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके होत. निजामाच्या राजवटीत हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेचे ठाणे आणि कापसाची मोठी पेठ म्हणून ओळखले जाई. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. या राजकीय स्थित्यंतराइतकेच पाण्याचे स्थित्यंतरही महत्त्वाचे आहे. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरील इसापूर या धरणांमुळे या भागातील शेतीचा काही हिस्सा ओलिताखाली आला. आठ-नऊ महिने जमिनीत राहणारे आणि नियमित पाणी मागणारे हळदीसारखे पीक अशा ओलितावाचून उभे राहणे कठीण होते.

महाराष्ट्रात हळदीचे नाव निघाले की प्रथम सांगलीची आठवण होते. सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळद साठविण्याची जमिनीखालची पेवे प्रसिद्ध होती. परंतु एकविसाव्या शतकात लागवडीचा भार मराठवाड्याकडे सरकला. 2010 च्या सुमारास हळदीचे भाव विक्रमी उंचीवर गेल्याने या ओढीला बळ मिळाले. पुढे हिंगोली हा राज्यातील हळद लागवडीत अग्रेसर जिल्हा ठरला आणि वसमत ही हळदीची नामांकित बाजारपेठ झाली. वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारण्यास राज्य शासनाने 2022 मध्ये मान्यता दिली, तर 2024 मध्ये 'वसमत हळदी'ला भौगोलिक मानांकन मिळाले. हा सर्व इतिहास पिकाचा आणि पेठेचा आहे. शेत आणि पेठ यांच्यामध्ये जे यंत्र उभे आहे, त्याचा उल्लेख त्यात क्वचितच येतो.

पायाने तुडविण्यापासून बॅरलपर्यंत

काढलेली हळद लगेच विकता येत नाही. गड्डे व हळकुंडे वेगळी करून ती काहिलीत शिजवावी लागतात, नंतर दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवावी लागतात. शंभर किलो ओल्या हळदीपासून साधारणतः 20 ते 25 किलो वाळलेली हळद हाती येते. या अवस्थेत हळकुंडावर खवल्यांची मळकट साल, मुळांचे तंतू आणि मातीचे कण चिकटलेले असतात. ते काढून हळकुंड गुळगुळीत व पिवळे करणे म्हणजे पॉलिश करणे.

पूर्वी हे काम हातापायांनी होत असे. वाळलेली हळद खरबरीत जमिनीवर किंवा गोणपाटात घेऊन घासली जाई अथवा पायाला गोणपाट गुंडाळून तुडविली जाई. हळदीच्या काढणीपासून निवडीपर्यंतच्या कामात स्त्री-मजुरांचा वाटा मोठा. उन्हाळ्याच्या तोंडावर, धुळीत आणि उन्हात चालणारे हे काम कष्टाचे होतेच, शिवाय एका दिवसात फार थोडा माल तयार होई.

या अडचणीतून बॅरलचे यंत्र पुढे आले. तेलाचे 200 लिटरचे रिकामे पत्र्याचे बॅरल घ्यावयाचे, त्याच्या अंगावर जागोजाग छिद्रे पाडावयाची, मधोमध लोखंडी आस बसवून दोन्ही टोकांना हँडल लावावयाचे आणि ते दोन घोड्यांवर आडवे टेकवावयाचे, एवढीच त्याची रचना. आत 25-30 किलो हळद आणि तिच्याबरोबर काही किलो कठीण, कोनदार दगड टाकून दोघांनी ते फिरवावयाचे. हळकुंडे एकमेकांवर, दगडांवर आणि पत्र्यावर घासली जातात. सुटलेली साल व माती छिद्रांवाटे खाली पडते. पुढे हँडलची जागा विजेच्या मोटारीने किंवा ट्रॅक्टरने घेतली, बॅरलच्या जागी लोखंडी जाळीचे मोठे ड्रम आले आणि क्विंटलच्या हिशेबाने हळद पॉलिश होऊ लागली. शेवटच्या फेऱ्यांत हळद पावडर मिसळलेले पाणी शिंपडून रंग उजळण्याची रीतही रूढ झाली.

धातूच्या कारखान्यातील भावंड

ज्याने धातूकामाचे वर्कशॉप पाहिले आहे त्याला वरील वर्णन अनोळखी वाटणार नाही. पत्रा कापला, भोक पाडले किंवा सुटा भाग लेथवर कातला की त्याच्या कडेला एक बारीक, बोचरी धार उरते. कारागीर तिला 'बर' म्हणतात. ही बर हाताला कापते, दोन भाग नीट बसू देत नाही आणि यंत्रात तुटून पडली तर बेअरिंग खराब करते. एकेका भागाची बर कानशीने काढता येते, परंतु हजारो भाग असतील तर तो मार्ग परवडत नाही. म्हणून कारखान्यांनी फिरत्या पिंपाचा आधार घेतला. भाग, दगड आणि पाणी एकत्र टाकून पिंप फिरविले की भाग आपोआप घासले जातात. ओतकामाच्या कारखान्यात वाळू चिकटलेले ओतीव भाग साफ करण्यासाठीही अशीच पिंपे वापरली जात.

हे तत्त्व युरोपीय कारखान्यांतूनच प्रथम आले असे समजण्याचे कारण नाही. गुजरातेतील खंबायत येथे अकिकाचे मणी चामड्याच्या पिशवीत कुरुंदाची भुकटी व पाणी यांसह भरीत आणि दोन माणसे ती पिशवी अनेक दिवस एकमेकांकडे लोटीत. मणी एकमेकांवर घासून चकचकीत होत. पुढे या पिशवीची जागाही मोटारीवर फिरणाऱ्या पिंपाने घेतली. मराठवाड्याशी या व्यापाराचा संबंध जुना आहे. पैठणहून अशा जातीचे दगड भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रंथात सापडते. तात्पर्य, अनेक वस्तू एकत्र घालून परस्परांच्या घर्षणाने उजळण्याची कल्पना या प्रदेशाला परकी नव्हती. हळदीचा ड्रम हे तिचेच शेतीतील रूप मानता येते.

या दोन यंत्रांत एक अर्थपूर्ण भेद मात्र आहे. बॅरलला छिद्र पाडताना आतल्या बाजूस जी खरबरीत कड उमटते, ती कारागीर मुद्दाम तशीच ठेवतो. किसणीच्या दातांप्रमाणे तीच हळदीची साल खरवडते. धातूचा कारखानदार जी बर काढण्यासाठी यंत्र उभारतो, तीच बर हळदीच्या यंत्राचे हत्यार ठरते. ही कड झिजली की ड्रमचे कामही मंदावते.

गतीचे गणित आणि कंपनयंत्र

फिरत्या पिंपाला एक मर्यादा आहे. ते फार हळू फिरविले तर माल नुसता घसरतो आणि फार वेगाने फिरविले तर केंद्रापसारी परिणामामुळे भिंतीला चिकटून राहतो. दोन्ही वेळी घर्षण साधत नाही. माल चिकटण्याचा वेग काढण्याचे साधे सूत्र असे की, 42.3 या संख्येस पिंपाच्या मीटरमधील व्यासाच्या वर्गमूळाने भागावे. सुमारे 57 सेंटिमीटर व्यासाच्या तेलाच्या बॅरलसाठी हा वेग मिनिटाला सुमारे 56 फेरे येतो आणि 90 सेंटिमीटरच्या ड्रमसाठी सुमारे 45. म्हणून मोठे ड्रम मिनिटाला तीसेक फेऱ्यांवर चालविणे सोयीचे ठरते. हे सूत्र न शिकताही, ड्रममधील आवाज ऐकून कारागीर पुलीचा आकार ठरवू शकतो. अनुभवाने आलेले हे ज्ञान सूत्राच्या ज्ञानाहून वेगळे असले तरी कमी प्रतीचे नव्हे.

पिंपाची दुसरी मर्यादा अशी की, त्यात कोणत्याही क्षणी केवळ वरचा घसरणारा थरच खऱ्या अर्थाने घासला जातो. या मर्यादेवर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातू उद्योगात कंपनयंत्राचा प्रसार झाला. यात भांडे फिरत नाही, थरथरते. स्प्रिंगांवर टेकलेल्या भांड्याखाली मोटार असते व तिच्या दांड्यावर एका बाजूस जड असे वजन बसविलेले असते. दांडा फिरला की हे असंतुलित वजन भांड्याला हिसके देते. मिनिटाला 1440 फेरे घेणारी मोटार सेकंदाला 24 हिसके देते. भांडे मध्यबिंदूपासून दोन्ही बाजूंस केवळ 2 मिलिमीटर हलले तरी आतील मालावर गुरुत्वाकर्षणाच्या साडेचार पटींहून अधिक प्रवेग येतो. त्यामुळे वरचा थरच नव्हे तर संपूर्ण माल एकाच वेळी घासला जातो. भाग उंचावरून एकमेकांवर आदळत नाहीत आणि भांडे उघडे असल्याने काम चालू असतानाच पाहणी करता येते.

असे यंत्र लहान वर्कशॉपमध्येही तयार करता येते. जाड प्लास्टिकचे पिंप, चार सारख्या स्प्रिंगा, एक मोटार आणि लोखंडी पट्टीची वजने एवढे साहित्य त्यास पुरते. मात्र तीन पथ्ये पाळावी लागतात. स्प्रिंगा पुरेशा मऊ हव्यात, म्हणजे भांड्याची नैसर्गिक कंपनसंख्या मोटारीच्या वेगाखाली राहते. तशा त्या असूनही यंत्र सुरू व बंद होताना क्षणभर जोरात हादरते, म्हणून ते भक्कम चौकटीत बांधलेले असावे. दुसरे, साध्या मोटारीचे बेअरिंग असंतुलित भार फार काळ सोसत नाही. त्यामुळे वजने स्वतंत्र दांड्यावर, जाड बेअरिंगांत बसवून मोटारीने पट्ट्याद्वारे फिरवावीत. तिसरे, सुटलेला गाळ वाहून नेण्यासाठी साबणयुक्त पाण्याची संथ धार हवी, अन्यथा दगड गुळगुळीत होऊन घासणे थांबते.

मग हळदीसाठी कंपनयंत्र का आले नाही? याचे उत्तर मालाच्या स्वभावात व व्यवहारात आहे. हळद कोरडी घासावयाची असते, माल क्विंटलांनी असतो आणि हळकुंडांना एकमेकांवर आदळल्याने फारसा अपाय होत नाही, उलट खवले सुटण्यास मदतच होते. फिरता ड्रम स्वस्त आहे, ट्रॅक्टरमागे जोडून गावोगावी नेता येतो आणि बिघडला तर जवळच्या वेल्डिंगच्या दुकानात दुरुस्त होतो. तेव्हा जुने तंत्र टिकते ते अज्ञानामुळेच असे नव्हे. पुष्कळदा ते विचारपूर्वक केलेल्या निवडीमुळे टिकते.

श्रम, मोल आणि चकाकी

पॉलिशमध्ये हळदीचे वजन साधारणतः 5 ते 8 टक्क्यांनी घटते. म्हणजे शंभर किलोचे 92 ते 95 किलो उरतात. ही घट भरून निघण्यासाठीच पॉलिश केलेल्या हळदीस 5.3 ते 8.7 टक्के अधिक भाव मिळावा लागतो. ड्रमचे भाडे व मजुरी त्यावर आणखी. भाव पडलेल्या वर्षी हे गणित शेतकऱ्याच्या विरुद्ध जाते, तरीही पेठेत चकाकीला मान असल्याने ड्रम फिरवावाच लागतो. ज्या स्त्रिया पूर्वी हळद घासत होत्या, त्यांचे शारीरिक कष्ट यंत्राने कमी केले, परंतु त्या कामाची मजुरीही यंत्राकडे, पर्यायाने यंत्राच्या मालकाकडे गेली. ड्रमभोवतीची पिवळी धूळ मात्र मजुरांच्याच वाट्याला आली.

चकाकीचा मोह कोठवर जाऊ शकतो, याचा इशारा बांगलादेशातून मिळतो. तेथे पॉलिश करताना हळदीस शिशाचे विषारी पिवळे रंगद्रव्य लावले जात असल्याचे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. भारतातही अन्नात अशा रंगाच्या वापरास कायद्याने मनाई आहे. यंत्र स्वतः निर्दोष असते. ते कशासाठी फिरवावयाचे हे मात्र बाजार ठरवितो. ज्या जिल्ह्याच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेथे रंगापेक्षा गुणवत्तेला भाव मिळणे हा म्हणूनच केवळ व्यापाराचा प्रश्न राहत नाही.

निष्कर्ष

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात लायगो-इंडिया हा गुरुत्वीय लहरींच्या शोधाचा प्रकल्प उभारण्यास केंद्र शासनाने एप्रिल 2023 मध्ये अंतिम मान्यता दिली. 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या यंत्रात जमिनीचे सूक्ष्मातिसूक्ष्म कंपनही चालणार नाही. विज्ञानाच्या इतिहासात हिंगोलीचे नाव या प्रकल्पामुळे नोंदले जाईल आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच जिल्ह्यात, उन्हाळ्याच्या तोंडावर खळ्यांवर खडखडणारे ड्रमही यंत्रविद्येच्या इतिहासाचाच भाग आहेत. त्यांचे आराखडे कोणत्याही दप्तरात नाहीत. ते वर्कशॉपच्या भिंतींवर खडूने काढलेल्या मापांत आणि वयस्क कारागिरांच्या स्मरणात आहेत. भिंती रंगविल्या जातात आणि माणसे काळाआड जातात. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांमार्फत जुन्या ड्रमची मापे, छायाचित्रे आणि कारागीर व स्त्री-मजुरांच्या मुलाखती वेळीच संकलित केल्या, तर या बिननावाच्या यंत्राचा इतिहास पुढील पिढीच्या हाती लागेल.