भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक

साल 1937. पाबळहून शिक्रापूरपर्यंत तुम्ही बैलगाडीने आलात, पुढे सर्व्हिस मोटारीने पुण्यात. काम लग्नाच्या खरेदीचं. भाची चौदाची, नवरदेव बिजवर. माणूस खाऊनपिऊन सुखी, बालविवाह रोखणाऱ्या शारदा कायद्यातही बसतं, म्हणून घरात कुणी चकार शब्द काढलेला नाही.

संध्याकाळी थिएटरात ‘कुंकू’ लागलाय. प्रभातचं चित्र, शांतारामबापूंचं दिग्दर्शन. राजेरजवाडे असतील, अशा समजुतीने तुम्ही बसता. समोर येतो एक वाडा. भिंतीवर जुनं घड्याळ. पोरक्या नीरेचं मामाने फसवून म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी लग्न लावून दिलंय. काकासाहेब झालेले केशवराव दाते मिशीला कलप लावतात. लोक हसतात, तुम्हाला हसू येत नाही. पेटी-तबला साथीला धावून येत नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, एवढंच. नीरा झालेली शांता आपटे गाते तेव्हा साथ ग्रामोफोनची. आणि ही मुलगी नवऱ्याला स्पष्ट नकार देते! बाजूची बाई पदर तोंडाशी धरून तशीच बसून राहते.

हे लिहिणारा माणूस पुण्यातला नव्हे. नारायण हरी आपटे, जन्म 1889, मुक्काम साताऱ्याकडचं कोरेगाव. ‘न पटणारी गोष्ट’ ही त्यांची कादंबरी. पटकथाही त्यांनीच लिहिली. त्याआधी ‘अमृतमंथन’ त्यांच्याच कादंबरीवरून निघाला होता, पण तिथे राजा होता, राजगुरू होता. इथे माजघर आहे, आणि मला मोठा वाटतो तो हा आपटे. सावत्र मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे घेतल्या, ज्या प्रत्यक्षातही संततिनियमनाचं काम करत होत्या. घरातली गोष्ट घरातल्या वस्तूंनीच सांगायची, हे या मंडळींना कळलं होतं.

आता अकरा वर्षं पुढे या. रोम, 1948. चेझारे झावात्तिनी आणि सहकाऱ्यांनी लिहिलेला, डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’. भिंतीवर पोस्टरं चिकटवणाऱ्याची सायकल चोरीला जाते. तीच सायकल आधी गहाणातून सोडवायला बायकोने घरच्या चादरी गहाण टाकलेल्या. जग याला नववास्तववाद म्हणून डोक्यावर घेतं. तुम्हाला मात्र त्या चादरी ओळखीच्या वाटतात. कलपाची बाटली तुम्ही आधीच पाहिलेली असते.

फरक शेवटात आहे. झावात्तिनी सायकल परत देत नाही. आपटे नीरेला मोकळं करतात, काकासाहेबांच्या आत्महत्येने. दुसरं लग्न कर असं पत्रात लिहून म्हातारा जातो. हे मला आजही पटत नाही. इतका वेळ ताठ उभ्या राहिलेल्या मुलीची सुटका नवऱ्याच्या औदार्यावर सोपवली, आणि खऱ्या बिजवरांना इतका पश्चात्ताप कुठे होत होता?