शिवकालीन शिपायाचा जामीन व कल्याणचे फिरंगी कारागीर

शिवछत्रपतींच्या सैन्यांत नवा शिपाई ठेवितांना चाकरींतील जुन्या शिपायाचा जामीन घेत, असें ग्रांट डफनें १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत नमूद केलें आहे. या नियमाची स्तुति पुष्कळ झाली. त्याची मर्यादा मात्र कल्याणास दिसते.

१६५७ च्या आक्टोबरांत कल्याण-भिवंडी स्वराज्यांत आली व खाडींत जहाजबांधणी सुरू झाली. त्या कामावर रुय लैतांव व्हियेगस या फिरंग्याच्या हाताखालीं सुमारें ३४० माणसें होतीं. १६५९ सालीं वसईकडील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं फूस लावितांच हे फिरंगी काम टाकून निघून गेले. आमच्या मतें येथें नियम फसला नाहीं. तो लागूच पडत नव्हता. मावळ्याचा जामीन त्याच्याच सोबत्यांत सांपडे. या परक्यांस जामीन राहणार कोण? त्यांचे सगेसोयरे व धर्मगुरु खाडीपलीकडे, ज्यांस या आरमाराची धास्ती होती त्यांच्याच मुलखांत!

संग्राहकांस एक विनंति. सनदा सर्वच जपतात. ठाणें-कल्याणकडील दप्तरांतले जामीनकतबे मात्र किरकोळ चिटोरीं समजून रद्दींत जातात. कोण कोणास जामीन राहिला, हें त्यांवरूनच कळावयाचें आहे.