लूर्दची यात्रा आणि अपंग लेकरांचे आईबाप



महोत्सवाच्या पुस्तकात देवळाच्या पायाभरणीचा, घंटेचा व होऊन गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तान्त यावयाचाच. ते काम आमच्याहून जाणत्या लेखकांकडे सोपवून आम्ही येथे फ्रान्स देशातील एका कुटुंबाची हकीकत सांगणार आहोत. कारण प्रत्येक धर्मग्रामात अशी काही घरे असतात, ज्यांतील एखादे लेकरू रविवारी मिस्सेला कधीच दिसत नाही.

लूर्दचे माहात्म्य आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. १८५८ साली बर्नादेत नामक गरीब मुलीस तेथे पवित्र मरीयेचे दर्शन घडले, व पुढे आजाऱ्यांस त्या स्थानी पहिला मान मिळू लागला. १९६७ च्या सुमारास एका दांपत्याच्या मनात तेथे जावयाचे आले. त्यांस दोन मुलगे होते. दोघेही बुद्धीने अतिशय अधू व सर्वस्वी परावलंबी. धर्मप्रांताची यात्रा निघणार होती, तीत नावे घालण्याची त्यांनी विनंती केली. उत्तर मिळाले की, मुलांस काही कळावयाचे नाही, आणि इतरांस त्रास मात्र होईल. तेव्हा ती चौघे आपली आपणच निघाली. लूर्दला एका हॉटेलाने जागा दिली खरी, पण अट घातली की जेवण खोलीतच घ्यावे, भोजनगृहात येऊ नये.

ही जेवणाची गोष्ट आमच्या मनास फार लागते. त्यांस उपाशी कोणी ठेविले नाही. फक्त पंक्तीला बसू दिले नाही. पंक्तीबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या देशात कोणास समजावून सांगावे लागेल? बरे, नकार देणाऱ्यांस दुष्टही म्हणवत नाही. यात्रा सुरळीत पार पडावी, गिऱ्हाईक नाराज होऊ नये, एवढाच त्यांचा विचार असावा. असल्या विचाराने आपण सगळेच चालतो.

आईबापांवरील हा भार फार जुना आहे. जन्मांध मनुष्यास पाहून, पाप ह्याचे की ह्याच्या आईबापांचे, असे खुद्द शिष्यांनीच प्रभूला विचारिले होते. प्रभूने दोघांसही निर्दोष ठरविले, तरी तो प्रश्न काही मेला नाही. आमच्याकडे तो बहुधा सुनेला विचारितात. मुलांसाठी शाळा काढण्याचे काम पुष्कळ आधीच सुरू झाले होते. मुंबईत महागुरू लिओ म्यूरिन ह्यांच्या प्रयत्नाने १८८५ साली मुक्या-बहिऱ्यांची शाळा निघाली. भारतातील अशा अगदी पहिल्या शाळांत तिची गणना होते. परंतु शाळा मुलाला शिकविते. डॉक्टर रोगाचे नाव सांगतो. ते नाव पदरी घेऊन घरी परतलेल्या, रात्ररात्र जागणाऱ्या आईचे ऐकून घेणे हे कोणाचे काम, हे मात्र ठरलेले नव्हते.

पॅरिसमधील मारी-एलेन मात्यू ह्या बाईंनी ते काम ओळखिले. त्या अशाच मुलांच्या शिक्षिका होत्या. १९६३ साली त्यांनी अपंगांसाठी एक ख्रिस्ती कार्यालय स्थापिले, व १९६८ साली ‘छाया आणि प्रकाश’ अशा अर्थाच्या नावाचे एक नियतकालिक सुरू केले. वरील दांपत्याने आपली व्यथा त्यांच्याच कानी घातली. मग त्यांनी व कॅनडाचे झाँ वानिये ह्यांनी मिळून ठरविले की, ज्यांस यात्रेत जागा नाही त्यांचीच यात्रा काढावयाची.

तयारीस सुमारे तीन वर्षे लागली, आणि खरी खुबी त्या तयारीत होती. नुसती गर्दी न जमविता सुमारे तीस-तीस जणांचे गट पाडिले. प्रत्येकात अपंग मुले-माणसे, त्यांचे आईबाप व काही तरुण मित्र. लूर्दला निघण्यापूर्वीच ही मंडळी एकमेकांस ओळखू लागली होती. १९७१ च्या गुड फ्रायडेपासून ईस्टरच्या सोमवारपर्यंत १५ देशांतील १२,००० यात्रेकरू तेथे जमले. त्यांत सुमारे ४,००० अपंग होते.

यात्रा आटोपली की गटही मोडावयाचे होते. ते मोडेनात. ‘श्रद्धा आणि प्रकाश’ ह्या नावाने ते महिन्या-महिन्यास भेटत राहिले, व पुढे सुमारे ८० देशांत पसरले. भारतातही त्यांच्या शाखा निघाल्या. भेटीत प्रार्थना होते, खाणेपिणे होते, गाणी होतात, आणि आईबाप आपापसांत बोलतात. समुपदेशन हा शब्द आता रूढ झाला आहे, व जाणत्या सल्लागाराची गरज आम्ही नाकारीत नाही. तथापि जो बाप डॉक्टरांपुढे मान खाली घालून गप्प बसतो, तोच दुसऱ्या तशाच बापापाशी, आमच्या मागे ह्याचे कसे होणार, हे बोलून दाखवितो.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. वानिये २०१९ साली निवर्तले. त्यांनीच स्थापिलेल्या ‘लार्श’ संस्थेने चौकशी करविली, व २०२० साली जाहीर केले की त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या मिषाने सहा स्त्रियांचे शोषण केले होते. २०२३ च्या अहवालात ती संख्या किमान २५ झाली. ह्या स्त्रिया अपंग नव्हत्या, म्हणून अपराध हलका होत नाही. मार्गदर्शन मागावयास आलेल्या दुःखी जीवावर मार्गदर्शकाची केवढी सत्ता चालते, हे ह्यावरून दिसते. आईबापांनी आईबापांस दिलेला आधार आम्हांस अधिक भरवशाचा वाटतो, त्याचे हेही एक कारण आहे.

कोणत्याही जुन्या धर्मग्रामाच्या वह्या चाळून पाहाव्या. बाप्तिस्म्याच्या वहीत अशा बालकाचे नाव, आईबापांची नावे, तारीख, सर्व काही सुवाच्य अक्षरांत लिहिलेले असते. सात-आठ वर्षांनंतरची, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलांची यादी उघडावी, तर तेच नाव पुष्कळदा सापडत नाही. मूल मेलेले नसते. मृत्यूच्या वहीत त्याची नोंद आणखी तीस वर्षांनी येते. मधल्या वर्षांत त्याच्या आईस भेटावयास कोण गेले, हे लिहून ठेवण्यास वहीत रकाना नसतो.